कोळसा, वीज आणि मचूळ पाणी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





संमेलनातील भाषणाचा विषय बहुधा ठरलेला असतो. तालीमचे महत्त्व, शिस्त, आईवडिलांची खिदमत. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आपण ऐकलेली आहेत. मी आज आपल्यापुढे कोळशाविषयी बोलणार आहे. आपण हसाल. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि भूगोल शिकवणारा मास्तर. कोळशाचा आणि माझा संबंध खडूपेक्षाही कमी. परंतु हा विषय मी शोधला नाही, तो माझ्या गळ्यात पडला, आणि कसा पडला ते आधी सांगितले पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या पाणी समितीकडे एक विक्रेते आले होते. शाळेला आणि शेजारच्या वस्तीला पिण्याचे पाणी देणारे यंत्र बसवावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. किंमत लाखांत होती, म्हणजे ती चंद्यातूनच उभी करावी लागणार. यंत्र आर.ओ.चे नव्हते. "यात पाणी दाबून गाळायचे नाही, साहेब, विजेने पाण्यातले मीठ ओढून घ्यायचे. पाणी वाया जात नाही. आणि आतला कार्बन आयुष्यभर बदलावा लागत नाही," असे ते म्हणाले. समितीतील एका चाचांनी माहितीपत्रक माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही इंग्रजी वाचता. हे खरे आहे का तेवढे सांगा. गरिबांचा पैसा आहे."

'गरिबांचा पैसा आहे' या तीन शब्दांमुळे मला नाही म्हणता आले नाही. तेव्हापासून मी जमेल तसे वाचत गेलो. जाणकारांना विचारत गेलो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपण खारपाणपट्ट्यातली माणसे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी हा पट्टा पसरलेला आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर धरतात. काळीभोर जमीन, वर कापूस-हरभरा उभा, आणि खाली विहिरीत मचूळ पाणी. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुण्याला पाणी देताना यजमानच ओशाळतो. लांबच्या धरणांतून नळाचे पाणी आणणाऱ्या योजना झाल्या. पण नळाला चार-आठ दिवस पाणी आले नाही की पुन्हा विहीर आणि बोअर. म्हणून घरोघरी आर.ओ. आले आणि गल्लोगल्ली वीस लिटरचे जार आले.

आर.ओ. ही वाईट वस्तू आहे असे कोणी समजू नये. त्यातील पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात लोएब आणि सौरीराजन या दोघांनी उपयोगात येण्याजोगे केले, आणि त्यांतील श्रीनिवास सौरीराजन हे भारतात जन्मलेले. आज समुद्राचे पाणी गोड करणारे जगातील बहुतेक नवे कारखाने याच विद्येवर चालतात. पण ही विद्या करते काय? पाण्यात मीठ थोडे असो वा फार, ती सगळे पाणी दाब देऊन पटलाच्या पलीकडे ढकलते आणि मीठ अलीकडे ठेवते. घरातल्या लहान यंत्रात एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याच कारणाने केंद्र सरकारला निर्देश दिले होते की, ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आर.ओ. वापरू देऊ नये.

माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलीने या गोष्टीवर एकदा असा प्रश्न विचारला की, तो मला कोणत्याही पुस्तकात इतक्या सरळ शब्दांत मिळाला नाही. ती म्हणाली, "सर, तांदळात खडे असले तर आमची दादी खडे वेचते. तांदूळ वेचून खडे सुपात ठेवत नाही. मग पाण्यात मीठ थोडेसे असताना आपण मीठ का वेचत नाही, पाणी का वेचतो?"

विजेने पाणी गोड करण्याची जी रीत मी आज सांगतो आहे, ती म्हणजे मीठ वेचण्याची रीत होय.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे दोन प्रकारचे कण होतात. सोडियमचे कण धनभारित असतात, क्लोराइडचे ऋणभारित. यांना आयन म्हणतात. आता पाण्यात समोरासमोर दोन पत्रे ठेवा आणि एकाला बॅटरीचे धन टोक, दुसऱ्याला ऋण टोक जोडा. सोडियम ऋण पत्र्याकडे जाईल, क्लोराइड धन पत्र्याकडे. तेथे ते पत्र्याला चिकटून थर करून बसतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी या विद्युतथराचा विचार १८५३ मध्येच मांडला होता. आपल्या पंख्यात जो कंडेन्सर असतो, ज्याच्या बिघाडामुळे पंखा हाताने फिरवावा लागतो, त्याच जातीची ही वस्तू आहे; फरक एवढाच की येथे दोन पत्र्यांच्या मध्ये खारे पाणी वाहते. मीठ पत्र्यांवर राहते, पाणी गोड होऊन पुढे जाते. पत्रे भरले की वीज बंद करावयाची किंवा उलट करावयाची. मीठ सुटते. ते थोड्या पाण्याबरोबर बाहेर सोडून द्यावयाचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या पत्र्यांनाच इलेक्ट्रोड किंवा विद्युतअग्रे म्हणतात.

हे समजल्यावर मला आणि मुलांना इतका उत्साह आला की आम्ही प्रयोगच केला. टॉर्चच्या जुन्या सेलमधून काळ्या कांड्या काढल्या. त्या कार्बनच्याच असतात. मिठाच्या पाण्यात दोन कांड्या सोडल्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. लगेच बुडबुडे आले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि क्षणात टी.सी.एल. पावडरीसारखा उग्र वास सुटला. तो क्लोरिन वायू होता. मी घाईघाईने सगळ्यांना व्हरांड्यात पाठवले आणि बॅटरी काढली. मुलांनो, हा प्रयोग घरी कोणी करू नका; मी शिक्षक असून चुकलो. पाणी मात्र जसे खारट होते तसेच राहिले.

ही चूक मला पुष्कळ शिकवून गेली. तत्त्वतः १.२३ व्होल्टच्या वर पाणी स्वतःच फुटू लागते, आणि विजेचा खर्च मीठ ओढण्यात न जाता वायू करण्यात जातो. म्हणून या यंत्रांत साधारण १.२ व्होल्टच ठेवतात, म्हणजे टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. दुसऱ्या दिवशी आम्ही तसे केले. बुडबुडे नाहीत, वास नाही, आणि शाळेच्या क्षार मोजणाऱ्या मीटरवरचा आकडाही ढिम्म हलला नाही. का? कारण मीठ बसते पृष्ठभागावर, आणि त्या कांडीचा पृष्ठभाग केवढा? माझ्या मापाने पंधरा चौरस सेंटिमीटर. तेवढ्या जागेवर मिठाचा जो थर बसेल त्याचे वजन एका मिलिग्रॅमचा अगदी नगण्य अंश. मीटरला तो दिसावा कसा?

तेव्हा सगळा प्रश्न जागेचा आहे, आणि येथे आपला कोळसा पुढे येतो. पण शेगडीतला कोळसा नव्हे. नारळाच्या करवंटीचा कोळसा करून तो सुमारे ८०० ते १,००० अंश सेल्सियस उष्णतेत वाफेने किंवा काही रसायनांनी पुन्हा भाजला, म्हणजे त्याच्या आत असंख्य बारीक छिद्रे कोरली जातात. याला क्रियाशील कोळसा म्हणतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर हजार ते दीड हजार चौरस मीटर भरतात. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर एका ग्रॅममध्ये दहा ते पंधरा गुंठे. एक तोळा कोळसा म्हणजे तीन-चार एकर जमीन! इतकी जमीन चिमटीत धरता येते, यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, गेली साठ-पासष्ट वर्षे माणसे या कोळशाला सुधारत आहेत आणि तो प्रत्येक वेळी नवी खोड काढतो आहे. ही हकिगत मला फार आवडली म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९६० मध्ये अमेरिकेत ब्लेअर आणि मर्फी यांनी कार्बनच्या इलेक्ट्रोडांनी पाण्यातील क्षार काढण्याचे काम प्रसिद्ध केले. ओक्लाहोमा विद्यापीठात त्यावर पुढे बरेच प्रयोग झाले. त्या वेळी समजूत अशी होती की कोळशाच्या पृष्ठभागावरचे काही रासायनिक गट मिठाच्या कणांना पकडतात. १९७१ मध्ये जॉन्सन आणि न्यूमन यांनी गणित मांडून दाखवले की तसे नाही. हा कंडेन्सरसारखा साठवणीचाच प्रकार आहे, आणि म्हणून जेवढा पृष्ठभाग मोठा तेवढे काम अधिक. कारण कळले. पण धन बाजूचा कोळसा टिकत नव्हता, आणि काम जवळजवळ थांबले. एवढे कळूनही माणसांनी ते कपाटात ठेवले, याचे मला आश्चर्य वाटते. पण तसे झाले.

वीसेक वर्षांनी ते कपाट पुन्हा उघडले. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत रिचर्ड पेकाला यांनी १९८९ मध्ये रिसॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांची जेली करून, ती न आकसता वाळवून आणि मग हवेवाचून भाजून कार्बनचा एक अतिशय हलका, स्पंजासारखा पदार्थ मिळवण्याची वाट दाखवली. त्याला कार्बन एरोजेल म्हणतात. १९९०-९५ च्या पुढे तेथेच जोसेफ फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एरोजेलचे पत्रे करून मिठाचे पाणी गोड करून दाखवले. हा पदार्थ अखंड असल्यामुळे त्यातून वीज चांगली वाहत होती. पण तो महाग होता. आपल्या गावच्या पाण्याला तो परवडण्यासारखा नव्हताच.

म्हणून लोक पुन्हा स्वस्त कोळशाच्या भुकटीकडे वळले. भुकटीचा पत्रा करावयाचा म्हणजे तिला बांधणारे काहीतरी हवे. त्यासाठी टेफ्लॉनसारखे प्लॅस्टिक मिसळतात. तेच टेफ्लॉन, ज्याची पांढरी पट्टी नळवाला नळाच्या आट्यांवर गुंडाळतो. पण टेफ्लॉन पाण्याला दूर लोटते आणि काही छिद्रे बुजवून टाकते. बांधणी घट्ट केली तर छिद्रे जातात, सैल केली तर पाण्याबरोबर कोळशाची भुकटी वाहून येते. आमच्या विक्रेत्यांनी दाखवलेल्या नमुन्याच्या पाण्यात तळाशी काळे कण होते हे मला तेव्हा दिसले होते. त्याचा अर्थ पुष्कळ नंतर लागला.

आता छिद्रांच्या आकाराची गंमत ऐका. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञ असे धरून चालले होते की फार बारीक छिद्रांचा उपयोग नाही. मिठाचा कण पाण्यात एकटा नसतो, त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे पांघरूण असते. पांघरुणासकट तो बारीक छिद्रात शिरणार कसा? २००६ मध्ये अमेरिकेतील युरी गोगोत्सी आणि फ्रान्समधील पॅट्रिस सिमॉन यांच्या गटांनी वीज साठवण्याच्या उपकरणांसाठी काम करताना उलटेच दाखवले. एक नॅनोमीटरहून लहान छिद्रांत साठवण कमी न होता वाढली! आपल्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर असते, यावरून त्या छिद्राची कल्पना करा. कण आपले पांघरूण थोडे उतरवून आत शिरतो, असा त्याचा खुलासा. त्यांचा द्रव खारे पाणी नव्हता; पण पुढे २०१२-१३ च्या सुमारास पोराडा, प्रेसर, बिस्हॉवेल आदींनी मिठाच्या पाण्यातही अशी बारीक छिद्रेच जास्त मीठ धरतात हे दाखवून दिले.

मग सगळी छिद्रे बारीकच करावीत काय? तसेही नाही. समजा एखाद्या मोहल्ल्यात नुसती घरेच घरे बांधली आणि गल्ल्या ठेवल्याच नाहीत, तर आतल्या घरापर्यंत माणूस पोहोचणार कसा? बारीक छिद्रे ही घरे आहेत आणि रुंद छिद्रे या गल्ल्या. घरे कमी असतील तर मीठ कमी मावते. गल्ल्या कमी असतील तर मीठ आत जायला फार वेळ घेते. चांगला इलेक्ट्रोड म्हणजे दोहोंचा मेळ, आणि तो मेळ साधणे हेच आजच्या बहुतेक संशोधनाचे काम आहे.

आणखी एक खोड. पत्रा पाण्यात बुडालेला असल्याने वीज लावण्यापूर्वीच त्याच्या छिद्रांत दोन्ही जातींचे कण बसलेले असतात. वीज लावली की विरुद्ध भाराचे कण आत येतात हे खरे, पण समान भाराचे कण बाहेरही फेकले जातात. एस.टी. स्टँडवर लागली की चढणारे आणि उतरणारे एकाच दारात येतात, तसे. बाहेर फेकण्यात वीज खर्च होते आणि तेवढे मीठ पाण्यात परत येते. यावर उपाय म्हणून कोळशापुढे एकाच जातीच्या कणांना वाट देणारे पटल लावण्यात आले. दारात कंडक्टर उभा राहिला म्हणा. कोरियात २००६ च्या सुमारास औष्णिक वीजकेंद्राच्या पाण्यावर असे काम झाले. विजेचा उपयोग पुष्कळ सुधारला, आणि यंत्राची किंमत वाढली.

सूरह फुरकानमध्ये गोड आणि खारे अशा दोन पाण्यांचा व त्यांच्यामधील आडपडद्याचा उल्लेख आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मी त्यातून पटलाचे विज्ञान काढू पाहात नाही. तसे करणे मला पटत नाही, आणि त्याचा अर्थ मौलाना साहेबच सांगू शकतील. परंतु पाण्याचे गोड असणे ही नेमत आहे, एवढे आपल्या घरांत शिकवावे लागत नाही. खारे पाणी उकळून वाफेतून गोड पाणी मिळवणे तर फार जुने; ज्या भांड्यात ऊर्ध्वपातन करीत त्याचे नाव अरबी रसायनविद्येतील अल-अंबीक, आणि तेच नाव पुढे युरोपच्या भाषांत गेले. फक्त त्या रीतीला सरपण फार लागते.

आता मुख्य मुद्दा, 'आयुष्यभर बदलावा न लागणारा' कार्बन. मी वर म्हटले की १९७१ नंतर काम थांबले ते धन बाजूचा कोळसा टिकेना म्हणून. तो आजार अजून पुरता गेलेला नाही. धन इलेक्ट्रोडचा कोळसा हळूहळू ऑक्सिडीकृत होतो. सोप्या भाषेत तो गंजतो. त्याच्यावर ऑक्सिजनचे गट बसतात, ते स्वतःच ऋणभार घेऊन बसतात, आणि क्लोराइडला जवळ करण्याऐवजी दूर ढकलतात. महिन्यांमागून महिने भरणे आणि रिते करणे चालू राहिले की मीठ धरण्याची शक्ती घटत जाते. उपाय आहेत. व्होल्टेज कमी ठेवणे, मधून मधून धन-ऋण बाजू अदलाबदल करणे, कोळशापुढे पटल लावणे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातील एका गटाने २०१५ मध्ये तर या रोगालाच औषध केले. त्यांनी मुद्दामच एका पत्र्याला आधी ऋण आणि दुसऱ्याला धन प्रवृत्तीचे रासायनिक गट दिले, आणि उलट रीतीने यंत्र चालवले. म्हणजे वीज काढून घेतली की मीठ धरले जाते आणि वीज लावली की सुटते. असे यंत्र शेकडो तास फारशी शक्ती न गमावता चालले. मला ही युक्ती वाचून शाळेतल्या त्या मुलाची आठवण झाली, ज्याला वर्गात बोलण्याची खोड होती म्हणून आम्ही त्याला प्रार्थनेच्या वेळी बातम्या वाचायला लावल्या. असो.

आता हिशेब. चांगला क्रियाशील कोळसा १.२ व्होल्टवर एका ग्रॅममागे एका वेळी सुमारे १० मिलिग्रॅम मीठ धरतो. आपल्या एखाद्या विहिरीत लिटरला १,५०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि ते ५०० वर आणावयाचे असतील, तर लिटरमागे १,००० मिलिग्रॅम काढले पाहिजेत. त्याला १०० ग्रॅम कोळसा लागला. पंधरा लिटरची घागर एकदम करावयाची तर दीड किलो. तोच कोळसा दर काही मिनिटांनी रिता होऊन पुन्हा कामाला लागतो, म्हणून हे आवाक्यातले आहे. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरला ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. एका लिटरला साडेतीन किलो कोळसा! म्हणून हे यंत्र समुद्रासाठी नाही, मचूळ पाण्यासाठी आहे. समुद्राचे गोड पाणी करून देतो असे याच्या नावाने कोणी म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

विजेचा हिशेब नववीच्या मुलांनीच फळ्यावर केला. एक ग्रॅम मीठ काढण्यास, काहीही वाया न जाता, सुमारे अर्धा वॉट-तास वीज लागते. म्हणजे हजार लिटरला अर्धा युनिट. प्रत्यक्षात गळती धरून एक युनिटाच्या आसपास, शिवाय पंपाची वेगळी. पत्रे रिते होताना काही वीज परतही मिळवता येते. हे फार थोडे आहे. पण मोठ्या आर.ओ. कारखान्यांतही मचूळ पाण्याला साधारण अर्धा ते अडीच युनिटच लागतात, हेही सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये येल विद्यापीठातील मेनाकेम एलिमेलेक यांच्या गटाने दोन्ही रीतींची तुलना करून मचूळ पाण्यालाही आर.ओ.च कमी विजेत काम करते असा निष्कर्ष काढला, आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाला. माझे मत असे झाले आहे की क्षार जसजसे कमी, तसतशी कोळशाची बाजू वरचढ होते. आणि जेथे पाणीच दुर्मिळ, तेथे वाया जाणारे पाणी हाही खर्चात धरला पाहिजे. माहितीपत्रकात या वादाचा एक शब्दही नव्हता.

आपल्या देशातही हे काम चालले आहे. मद्रासच्या आय.आय.टी.त टी. प्रदीप यांच्या गटाने या रीतीवर काम केले आहे. कोळशाऐवजी किंवा कोळशाबरोबर बॅटरीत वापरतात तसे पदार्थ घालून अधिक मीठ धरावे, कोळशाची पातळ लापशी करून ती वाहती ठेवावी, छिद्रे अशी करावीत की नायट्रेटसारखे नको ते आधी निवडून घ्यावे, असे नाना प्रयत्न निरनिराळ्या देशांत होत आहेत. या शेवटच्याकडे मी विशेष लक्ष ठेवून आहे, कारण रासायनिक खतांच्या शेतीत विहिरीत नायट्रेट उतरते, आणि ते चवीने कळत नाही. आज शाळेत बसलेल्या मुला-मुलींपैकी ज्यांना रसायनशास्त्र 'कठीण' वाटते त्यांना मी एवढेच सांगेन की, करवंटी कशी भाजावी हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सोडवायला पदवीच्या आधी नीट नोंदी ठेवण्याची सवय लागते.

मग समितीला मी काय सांगितले? खोटे आहे असे सांगितले नाही, कारण ते खोटे नाही. घ्या असेही सांगितले नाही. विक्रेत्यांना आम्ही पत्र लिहिले आणि विचारले की, तुमचे आकडे किती क्षाराच्या पाण्यावर घेतलेले आहेत. आमच्या विहिरीच्या पाण्यावर घेऊन दाखवाल काय. शंभर लिटरमागे किती पाणी बाहेर टाकावे लागेल, आणि तो खारा निचरा कोठे सोडावयाचा. कारण मीठ नाहीसे होत नाही, ते फक्त एका जागी गोळा होते, आणि आपल्या जमिनीला आणखी मीठ नको आहे. आणि एक वर्ष रोज चालल्यावर कोळशाची शक्ती किती उरते, पत्रे बदलण्याचा खर्च किती, ते कागदावर सही करून द्याल काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली आहेत, आणि बरी आहेत. तिसऱ्याचे अजून आलेले नाही. ते येईपर्यंत चंद्याची पेटी उघडावयाची नाही असे समितीने ठरवले आहे.

तोपर्यंत एक काम आपल्या हाती आहे. शाळेत मीटर आहे, आणि नववीच्या मुलींनी एक वही घातली आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास त्या बसतील. आपापल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी स्वच्छ बाटलीत, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, भरून पाठवा. बाटलीवर मोहल्ला, विहिरीची ओळख आणि तारीख लिहा. हा मीटर फक्त एकूण क्षारांचा अंदाज देतो, हे लक्षात असू द्या. जंतू, फ्लोराइड किंवा नायट्रेट त्यात दिसत नाहीत. त्यासाठी निवडक नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतील, आणि ते कोणते ते वहीवरून ठरेल. आजपर्यंत वहीत सव्वीस विहिरी झाल्या आहेत. सगळ्यांत कमी ६१०, सगळ्यांत जास्त २,८४०, आणि या दोन विहिरींमध्ये चालत दहा मिनिटांचे अंतर आहे. २,८४० ची विहीर माझ्याच घरामागची आहे.